गोचिडाची लस म्हणताय, पण नक्की कुठली?

या महिन्यात आलेली पत्रं आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज एकत्र केले तर जवळजवळ निम्मे गोचिडाचे निघाले. त्यातल्या बहुतेकांनी 'गोचिडाची लस' हा शब्द वापरलाय, गंमत अशी की प्रत्येकाच्या डोक्यात बाटली मात्र वेगळी आहे. कुणी औषधाला लस म्हणतंय, कुणी तापाच्या लसीला गोचिडाची लस म्हणतंय, आणि एकदोघांनी व्हिडिओत बघितलेली परदेशातली खरीखुरी गोचिडाची लस विचारलीये. म्हणून या वेळी एवढाच विषय घेतो. कोंबड्यांच्या मरतुकीबद्दल लिहिलेल्या मंडळींनी रागावू नये, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझ्याकडे चार एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाई आणि दोन कालवडी आहेत. मेडिकलमधून गोचिडाची लस आणून मानेजवळ कातडीखाली टोचली. आठ दिवसात गोचीड गळून गेले, पण महिना सव्वा महिन्यात परत तेवढेच झाले. लसीचा असर एवढाच असतो का, दर महिन्याला दिली तर चालेल का? दूध डेअरीला चालू आहे. (एक वाचक, सांगोला)

उत्तर : दादा, तुम्ही बाटलीचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. ती लस नाहीये. लेबलवर बारीक अक्षरात आयव्हरमेक्टिन लिहिलंय बघा, ते औषध आहे, जंताचं आणि बाहेरच्या किड्यांचं. आपल्याकडे सुईतून जे जे जातं त्या सगळ्याला लस म्हणायची सवय आहे, सलाईनला सुद्धा लस म्हणणारे आजोबा मला भेटलेत, त्यामुळे तुमची चूक नाही.

पण फरक साधा नाही. लस दिली की जनावराचं शरीर स्वतः काहीतरी तयार करतं आणि ते काही महिने टिकतं. आयव्हरमेक्टिन रक्तात असतं तोवर रक्त पिणारा गोचीड त्याने मरतो, औषध उतरलं की संपलं, गोठ्यातल्या फटीत बसलेली पुढची फौज परत चढते. तुमचं महिन्याभराचं गणित तिथूनच आलंय.

आता महत्त्वाचं. हे इंजेक्शन दुभत्या गाईला द्यायचं नसतं, कारण ते चरबीत साठतं आणि दुधातून बरेच दिवस बाहेर पडत राहतं. लेबलवर स्पष्ट लिहिलेलं असतं पण ते वाचतंय कोण. तेव्हा दर महिन्याला तर सोडाच, चालू दुधाच्या गाईला एकदाही नको. ज्या गाईंना टोचलंय त्यांचं दूध डेअरीला घालायचं आणि घरात वापरायचं आजच थांबवा, आणि किती दिवस थांबवायचं ते तारीख आणि डोस सांगून तुमच्या डॉक्टरांना विचारा. कालवडींचं वजन बघून डॉक्टर ठरवतील. अंदाजे टोचू नका.

प्रश्न : सर, मी कृषीचा विद्यार्थी आहे, घरी सहा गाई आहेत. क्युबा देशात गोचिडाविरुद्ध लस आहे असा व्हिडिओ बघितला. मला कळत नाही की लस गाईला टोचली तर मरतो गोचीड कसा? आणि तीस वर्षांपासून आहे म्हणतात तर आपल्याकडे का नाही? (एक वाचक, राहुरी)

उत्तर : व्हिडिओ खरा आहे, आणि प्रश्न इतका चांगला आहे की जरा पसरून लिहितो.

गोचीड चावतो तेव्हा तो लाळ सोडतो आणि रक्त ओढतो. गाईच्या शरीराला फक्त त्याची लाळ ओळखीची होते, त्याचं आतडं कधी दिसत नाही, ते त्याच्या पोटात झाकलेलं. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेत पीटर विलाडसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी नेमकं हेच पकडलं. गोचिडाच्या आतड्याच्या पेशींवर एक प्रथिन असतं, त्याला बीएम८६ असं रुक्ष नाव आहे, ते त्यांनी हजारो गोचीड वाटून वेगळं काढलं आणि १९८९ मध्ये त्याच्या जनुकाची माहिती छापली. हे प्रथिन गाईला टोचलं की गाईचं शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. गोचीड अंगावर चढतो, खुशाल रक्त पितो, आणि रक्ताबरोबर त्या अँटिबॉडी पण पितो. त्या त्याच्याच आतड्याला जाऊन चिकटतात, पेशी फुटतात, प्यायलेलं रक्त आतड्यातून झिरपून त्याच्या अंगात पसरतं. प्रयोगातले असे गोचीड लालसर दिसतात. म्हणजे गाईच्या अंगावर चिलखत वगैरे चढत नाही, विष गोचीड स्वतःच्या तोंडाने गिळतो.

आणि इथेच लोकांची निराशा होते. कारण काही गोचीड मरतात पण सगळे मरत नाहीत. उरलेल्या माद्या नीट फुगत नाहीत, एरंडाच्या बीसारखी टम्म झालेली मादी तुम्ही बघितली असेल ना, तशी ती होत नाही, आणि खाली पडल्यावर अंडी कमी घालते. धडधाकट मादी दोन तीन हजार अंडी घालून मरते. त्यातली बरीच कमी झाली की पुढच्या पिढीत गाईवर चढणारी संख्या कमी, त्याच्या पुढच्या पिढीत अजून कमी. म्हणजे आज टोचलं आणि उद्या हात फिरवून बघितलं तर गोचीड असणारच, फरक कळायला काही महिने जातात. आपल्याला सवय फवारणीची, संध्याकाळी मारलं की सकाळी शेणात गळालेले दिसले पाहिजेत.

अजून एक खोच आहे. गोवराची लस घेतलेल्या पोराला पुढे कुठे गोवराचा विषाणू भेटला की शरीराला आपोआप उजळणी होते. इथे तसं होत नाही, कारण गोचीड हजार वेळा चावला तरी आतडं दाखवत नाही, म्हणून उजळणी सुईनेच करावी लागते. क्युबाच्या लसीचं वेळापत्रक म्हणजे पहिला डोस, मग चौथ्या आठवड्याला, मग सातव्या आठवड्याला, आणि नंतर दर सहा महिन्यांनी एक. दोन दावणीच्या गाईंना जमेल, हजार जनावरं रानात मोकळी सोडलेल्या माणसाला विचारा.

ऑस्ट्रेलियात नेमकं तेच झालं. तिथली टिकगार्ड नावाची लस १९९४ ला बाजारात आली, शोध त्यांचाच, पण मोठ्या रानातून जनावरं पुन्हा पुन्हा गोळा करून टोचायची कटकट, आणि टोचून पण गोचीड दिसतातच. शेवटी ती बाजारातून गेली. क्युबात उलटं झालं. त्यांची लस गावाक, (मालवणी माणसाला वाटेल कुणीतरी गावाक जावन येवा म्हणतंय, पण नाव खरंच तेच आहे) हवानाच्या जैवतंत्रज्ञान संस्थेने यीस्टमध्ये प्रथिन बनवून काढली आणि १९९३ पासून वापरात आणली. त्याच सुमाराला सोव्हिएत रशिया कोसळलेला, क्युबाकडे परदेशी औषध विकत घ्यायला डॉलर नाहीत, आणि दुधाचे गोठे सरकारी आणि मोठे, म्हणजे एक हुकूम निघाला की सगळी जनावरं एकाच वेळी रांगेत. त्यांनी फवारणी बंद नाही केली, लस आणि फवारणी दोन्ही ठेवलं, फक्त मोजून. फवारणीचं प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी घटलं आणि गोचिडांमुळे होणारा लाल लघवीचा आजार पण बराच खाली आला. माझ्या मते ही लस चालली ती जितकी विज्ञानामुळे तितकीच शिस्तीमुळे.

आता आपल्याकडे का नाही. एक, ही लस मुळात ज्या गोचिडासाठी बनली तो निळसर राखाडी, आखूड पायांचा, अंड्यातून निघाल्यापासून फुगून पडेपर्यंत तीनेक आठवडे एकाच जनावरावर काढणारा. तो आपल्याकडे आहेच, पण आपल्या कोरड्या भागात त्याच्या जोडीला हायलोमा आहे, तपकिरी, लांब पायांचा, तुरुतुरु पळणारा, जो मधेमधे जनावर सोडून भिंतीच्या फटीत जाऊन बसतो आणि कात टाकून परत येतो. एकाची लस दुसऱ्याला तितकी लागू पडेलच असं नसतं. दोन, एकाच जातीच्या गोचिडात पण देशोदेशी बीएम८६ थोडं वेगळं असतं. अर्जेंटिनातल्या एका वाणावर ती लस नीट चाललीच नाही, मग क्युबाच्याच लोकांनी त्या वाणातून बीएम९५ नावाचं दुसरं प्रथिन काढलं. आपल्याकडे इज्जतनगरच्या आयव्हीआरआय या पशुवैद्यक संशोधन संस्थेत भारतीय गोचिडांवर, हायलोमाच्या अशाच प्रथिनावर पण बरीच वर्षं काम चाललंय, तरी दुकानात जाऊन मागावी अशी लस आज नाही. आणि तीन, जे कुणी बोलत नाही, आपल्याकडे एकाच्या दोन गाई, शेजाऱ्याच्या तीन, पाण्यावर आणि बांधावर सगळ्या एकत्र. तुम्ही तुमच्या सहा गाईंना टोचलं आणि शेजाऱ्याने नाही तर त्याच्या गाईवरून पडलेल्या मादीची पिल्लं तुमच्याच गाईवर चढणार. उद्या लस आली तर ती गावाने मिळून घ्यावी लागेल, पोळ्याच्या मिरवणुकीला जशी एकजूट होते तशी.

तुमच्या भागात कुणी बॅग घेऊन 'क्युबाची लस' विकायला आला तर पैसे देऊ नका. बाटलीचा फोटो काढा.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमच्या जर्सी कालवडीला गोचीड तापाची लस दिली, डॉक्टर नायट्रोजनच्या टाकीतून घेऊन आले होते. पण गोचीड तसेच आहेत, उलट कासेवर आणि कानात जास्तच दिसतात. लस वाया गेली का? घरचे मला बोलतायत. (एक वाचक भगिनी, बारामती)

उत्तर : ताई, घरच्यांना हे पान वाचून दाखवा. लस वाया गेलेली नाही, ती गोचिडाविरुद्ध नव्हतीच. ती थायलेरियाविरुद्ध आहे.

थायलेरिया हा रक्तातला एकपेशीय जीव, हायलोमा गोचीड तो एका जनावरातून दुसऱ्यात नेतो. संकरित जनावरांना हा ताप फार वाईट येतो, १०४ ते १०६ पर्यंत, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी किंवा त्याहून मोठी फुगते, डोळ्याची आतली कातडी आधी लाल आणि मग पांढरीफटक पडते, गाभण असेल तर गाभ जातो. लस म्हणजे त्याच जीवाचा कमजोर केलेला अवतार, जिवंत असतो म्हणून तो द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावा लागतो आणि बाहेर काढल्यावर लगेच टोचावा लागतो. मेडिकलच्या फ्रिजमध्ये म्हणून मिळत नाही. तुमच्या डॉक्टरांनी टाकी उचलून आणली म्हणजे त्यांनी काम नीट केलंय.

तर आता तुमच्या कालवडीला गोचीड चावणार पण थायलेरियाने ती आडवी होण्याची शक्यता खूप कमी. पण गोचीड दुसरे दोन आजार पण आणतात, एक लाल लघवीचा बबेसिया आणि दुसरा रक्तातल्या जंतूचा ॲनाप्लाझ्मा, आणि त्या दोघांवर ही लस काही करत नाही. शिवाय फुकटचं रक्त जातं ते वेगळंच. म्हणून गोचीड काढायचेच. आणि तरीही ताप आला तर लस दिलीये म्हणून घरी वाट बघत बसू नका, १९६२ या जनावरांच्या मदतीच्या नंबरवर फोन लावा किंवा दवाखान्यात जा, थायलेरियाचं इंजेक्शन वेगळं, बबेसियाचं वेगळं, रक्ताची काच बघितल्याशिवाय अंदाजाने मारू नये.

याच धाग्यातला अजून एक मेसेज आहे, लंपीची लस दिली तरी गोचीड का होतात म्हणून. तेच उत्तर. लंपी विषाणूचा आजार आहे, २०२२ ला आपण सगळ्यांनी भोगलाय, माशा डास गोचीड तो पसरवायला मदत करतात, लस विषाणूला अडवते, गोचिडाला नाही.

प्रश्न : सर, फवारणीचं औषध पहिल्यासारखं लागू पडत नाही. दोन कंपन्या बदलून बघितल्या. शेजारी म्हणतात कपाशीचं औषध पातळ करून मारा, एका हातात साफ. खरं का? (एक वाचक, वर्धा जिल्हा)

उत्तर : भाऊ, कपाशीचं औषध अजिबात नको. काही वर्षांमागची गोष्ट सांगतो. रात्री साडेअकराला फोन, वासरू थरथरतंय म्हणून. गेलो तर तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, पाय ताठ, आणि अंगाला तो ओळखीचा उग्र वास. गोठ्याच्या कोपऱ्यात फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली. वासराने अंग चाटलं होतं. ॲट्रोपिन टोचत आणि अंगावर साबणपाणी ओतत रात्र काढली, वासरू वाचलं, पण त्याच्या आईवर पण तेच मारलं होतं आणि ती सकाळी गेली. त्या घरातल्या म्हातारीचा चेहरा अजून आठवतो. जळकं ऑईल चोपडणाऱ्यांना पण हेच सांगणं आहे, कातडी सोलून निघते.

आता औषध का चालत नाही. तुम्ही कंपनी बदललीत पण औषध बदललं नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फ्लुमेथ्रिन ही एकाच घरची भावंडं, एकाला गोचीड सरावला की बाकीच्यांना पण बराचसा सरावतो. बाटलीवरचं मोठं नाव सोडा, खालचं बारीक नाव वाचा. ॲमिट्राझ वेगळ्या घरचं आहे, ते डॉक्टरांना विचारून आलटून पालटून वापरता येतं (घोड्यावर मात्र कधी मारू नका).

दुसरं कारण, आपणच त्याला सरावतो. मी बघितलंय, बादलीभर पाण्यात औषध टाकताना झाकणाने मोजतात, आणि ते झाकण कुठल्या तरी भलत्याच बाटलीचं असतं. जास्त पडलं तर विषबाधा, कमी पडलं तर अर्धमेला गोचीड वाचतो आणि त्याची औलाद औषधाला भीत नाही. मेडिकलमधून पाच रुपयांची सिरिंज आणा, सुई काढून टाका, मिलीलिटरने मोजा. एका मोठ्या गाईला नीट भिजवायला दोन तीन लिटर द्रावण लागतं, आपण एका लिटरात तीन गाई उरकतो आणि तेही पाठीवर. गोचीड पाठीवर नसतोच, तो कानात, गळ्याखालच्या पोळीच्या घडीत, जांघेत, कासेच्या मागे, शेपटीच्या खाली. फवारणीआधी पाणी पाजा, सावलीत मारा, वाळेपर्यंत चाटू देऊ नका, वासराला मुसकं बांधा. हातात मोजे घाला, तुम्ही पण सस्तन प्राणीच आहात.

आणि गोठा. तुम्ही अंगावरचे मारता पण गावातले बहुतेक गोचीड त्या क्षणी अंगावर नसतातच, ते गव्हाणीच्या खाली, खुंट्याच्या भोकात, दगडी भिंतीच्या सांध्यात अंड्यांवर किंवा कात टाकत बसलेले असतात, आणि बारकी पिल्लं उपाशीपोटी काही महिने सहज काढतात. रात्री बॅटरी घेऊन फटीत बघा एकदा, जेवण जाणार नाही. फटी सिमेंटने बुजवा, जमेल तिथे चुना मारा, भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत त्याच दिवशी फवारा, आणि दोन तीन आठवड्यांनी परत. हाताने काढलेले गोचीड पायाखाली चिरडू नका, रॉकेलच्या डब्यात टाका.

वरचं क्युबाचं उत्तर वाचलंत ना? तिथे लसीचा मोठा उपयोग हाच झाला की औषध कमी मारावं लागलं. युगांडात पण अशाच लसीवर काम चाललंय, तिथे सबोलेसिन नावाचं दुसरं प्रथिन वापरतात, कारण तिथले गोचीड आता बऱ्याच औषधांना जुमानत नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे माकडताप येतो. गोचिडाची लस गुरांना दिली तर माणसांना ताप येणार नाही का? (एक वाचक, दोडामार्ग)

उत्तर : माकडताप हा विषाणूचा ताप, तो पसरवणारा गोचीड वेगळा, रानातला, हिमाफायसॅलिस. विषाणू पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर रानात सापडला, आणि तुमच्याकडे आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात तो गेल्या दहाएक वर्षांत पोचला. गुरांना या तापाने काही होत नाही पण मोठे गोचीड त्यांच्यावर पोसले जातात आणि रानातून घराजवळ येतात. गुरांसाठी या गोचिडाची लस नाही. माणसांसाठी एक होती, तिचा उपयोग कमी पडतो असं दिसल्यावर ती बंद झाली.

तुमच्याकडे एक सवय बदला, गोठ्यात अंथरायला रानातला सुका पाला आणू नका, निदान डिसेंबर ते मे तरी. त्या पाल्यात खसखशीएवढी गोचिडाची पिल्लं असतात आणि माणसाला चावतात तीच. काजूच्या बागेत जाताना अंग झाकून, आरोग्य केंद्रात मिळतं ते तेल लावून, आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. ताप आला तर काजूत गेलो होतो हे डॉक्टरला आधी सांगा.

प्रश्न : खिल्लारला गोचीड कमी का होतात? आणि गोठ्यात कोंबड्या सोडल्या तर त्या गोचीड खातात असं आई म्हणते. (एक वाचक, आटपाडी)

उत्तर : देशी जनावराची कातडी आणि त्याचं शरीर गोचिडाला लवकर ओळखतं, पिल्लं चिकटतात पण फार थोडी पूर्ण फुगतात. एका अर्थाने त्याच्यात लस जन्मापासूनच भरलेली आहे, पूर्ण नाही पण बरीच. एचएफचं रक्त जितकं वाढवाल तितकी ती कमी होत जाते. एकाच दावणीला खिल्लार आणि एचएफ बांधून कान तपासा, फरक हाताला लागेल.

आईचं बरोबर आहे. कोंबड्या गोचीड टिपून खातात, अगदी बसलेल्या गाईच्या पोटाखालून सुद्धा. फक्त ज्या दिवशी गोठा फवारलाय त्या दिवशी आणि पुढे दोन तीन दिवस त्यांना खुराड्यात ठेवा, मेलेले गोचीड त्या तितक्याच आवडीने खातात.